चांदबीबीचा महाल किती लांब?

नगरच्या पूर्वेला, पाथर्डीच्या वाटेवर, डोंगराच्या माथ्यावर एक आठकोनी तिमजली इमारत उभी आहे. गावातला लहानथोर तिला चांदबीबीचा महाल म्हणतो. खरे तर ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर. चांदबीबीचा तिच्याशी संबंध एवढाच, की नगरमध्ये जे काही भव्य आहे ते लोकांना चांदबीबीचे वाटते. पाऊस सरल्यावर, हवा धुऊन निघालेली असताना, सकाळी शहरातल्या एखाद्या गच्चीवरून तिच्याकडे बघा. शेजारी पाहुणा असेल तर त्याला विचारा, किती लांब असेल? पाहुणा बेधडक तीन-चार किलोमीटर म्हणून टाकतो. आपण शहराच्या कोणत्या टोकाला आहोत त्यानुसार खरे अंतर दहा ते तेरा किलोमीटर भरते. तोच पाहुणा वैशाखात आला, रानातली धूळ हवेत तरंगत असली, तर तीच इमारत त्याला चांगली दूर सरकलेली दिसते. इमारत जागची हललेली नसते. मधल्या हवेने तिच्या कडा पुसट केलेल्या असतात, आणि पुसट म्हणजे लांब हा हिशेब आपले डोळे आपल्याला न विचारता करून मोकळे होतात.

या प्रकरणाचा विषय आभासी जगातले अंतर हा आहे. डोक्याला हेडसेट लावून संगणकाने रचलेल्या खोलीत उभे राहिले, की समोरची खुर्ची किती लांब वाटते, आणि ती नेमकी तेवढीच का वाटत नाही? पण हेडसेटकडे वळण्याआधी थोडा वेळ उघड्या रानात काढावा लागेल. पडदा काय बिघडवतो हे कळायला, मुळात चालत काय असते ते आधी कळले पाहिजे.

सकाळी उशिरा उठणाऱ्याला आजी म्हणते, दिवस कासराभर वर आला. कासरा म्हणजे बैलाला बांधायचा दोर, चांगली काही हात लांबीची वस्तू. सूर्य पृथ्वीपासून १५ कोटी किलोमीटर दूर. तो दोराने कसा मोजणार? आजी मोजते ते क्षितिज आणि सूर्य यांच्यामधला कोन, आणि सांगते तो लांबीत. भाषेतली ही गंमत वाटते, पण डोळ्याचे सगळे कामकाज असेच चालते. डोळ्याला अंतर दिसतच नाही. त्याच्या पडद्यावर उमटतात ते कोन. लांबी आपण आपल्या पदरची घालतो.

सपाट वावर घ्या, कांदा काढून मोकळे झालेले. तुम्ही बांधावर उभे आहात आणि डोळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आहेत. दहा मीटरवर एक पाटी पडली आहे. ती बघायला नजर क्षितिजापासून साडेआठ अंश खाली झुकवावी लागते. वीस मीटरवरच्या पाटीला सव्वाचार अंश, पन्नासला पावणेदोन, शंभरला एक अंशही नाही. म्हणजे स्वतःच्या डोळ्यांची उंची आणि नजरेचा उतार या दोन गोष्टी हाती असल्या, की अंतर निघाले. टेंग ओई, बिंग वू आणि झिजियांग हे या तिघांनी २००१ साली 'नेचर' नियतकालिकात याचा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांच्या डोळ्यांपुढे प्रिझम धरून त्यांनी समोरची वस्तू क्षितिजाखाली जास्त झुकलेली भासवली. ती वस्तू लोकांना जवळ वाटली. इथे मोजपट्टी म्हणजे स्वतःचा देह, हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल. शंभर मीटरपलीकडे अंदाज का कोलमडतो हेही यातच आले. पन्नास आणि शंभर मीटरच्या खुणांमध्ये एका अंशाचाही फरक नाही, तर दहा किलोमीटरवरच्या कबरीचे काय घेऊन बसलात.

आता नगरचा दुसरा धंदा. साखर आणि कांदा बाहेरच्यांना माहीत असतो. पण या शहराची एक ओळख रणगाड्यांची आहे. १९४८ सालापासून लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे आहे. खारे कर्जुने गावाच्या नावाने ओळखली जाणारी के.के. रेंज इथलीच; सरावाच्या दिवसांत तिकडून येणारे तोफांचे धक्के नगरकरांच्या खिडक्यांना सवयीचे आहेत. १९९४ साली सुरू झालेल्या इथल्या रणगाडा संग्रहालयात सहलीला आलेली शाळेची मुले पोलादाची जाडी आणि तोफांची लांबी बघत फिरतात. मला विचाराल तर ते संग्रहालय अंतराच्या अंदाजाचे आहे. तोफेचा गोळा सरळ रेषेत जात नाही, वाटेत खाली येत जातो. समोरचे लक्ष्य हजार मीटरवर आहे की बाराशेवर, हे कळल्याशिवाय तोफ किती उचलायची ते ठरत नाही. लेझर येण्याआधीच्या प्रत्येक रणगाड्यात या प्रश्नाचे एकेक उत्तर बसवलेले होते.

टी-५५ जातीच्या रशियन रणगाड्याच्या दुर्बिणीत एक निमुळती होत जाणारी दुहेरी रेघ असे. शत्रूचा रणगाडा तिच्यात जिथे नेमका मावेल तिथला आकडा वाचायचा. हा आकडा एका गृहीतावर उभा होता: समोरचा रणगाडा २.७ मीटर उंच आहे. समोर ३.१ मीटर उंचीचा अमेरिकी पॅटन रणगाडा आला, तर तो आहे त्यापेक्षा जवळ भासणार. हजार मीटरवरचा पॅटन साधारण ८७० मीटरवर असल्याचे रेघ सांगणार. ओळखीच्या वस्तूच्या आकारावरून अंतर काढण्याची ही पद्धत आपणही रोज वापरतो. रस्त्यावरून येणारी एसटी किती लांब आहे हे आपल्याला कळते, कारण एसटी केवढी असते हे ठाऊक असते. आकाराचा अंदाज चुकला, की अंतरही त्याच प्रमाणात चुकते.

विजयंता रणगाड्याचे उत्तर रांगडे होते. मुख्य तोफेच्या जोडीला बसवलेल्या १२.७ मिलिमीटर मशीनगनमधून आधी चमकत्या गोळ्यांचा एक झटका सोडायचा. त्या लक्ष्यावर पडल्या की मग तोफ. अंदाज चुकला तर बघून सुधारायचा, पुन्हा टाकायचा. गोफण चालवणारा राखणदार दुसरे काय करतो?

सगळ्यात हुशार, आणि म्हणूनच सगळ्यात नाजूक, उत्तर होते एम-४७ पॅटनचे. १९६५च्या सप्टेंबरात असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे पॅटन मोठ्या संख्येने निकामी झाले आणि काही हाती लागले. एम-४७च्या टरेटला, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाला, दोन्ही बाजूंना कानांसारखे फुगवटे दिसतात. त्यांच्या आत भिंगे असत. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण ६३ मिलिमीटर अंतर असते. त्यामुळे उजव्या आणि डाव्या डोळ्याला जग किंचित वेगळे दिसते आणि त्या फरकातून खोली कळते. पण जसजसे दूर जावे तसा हा फरक नगण्य होत जातो. पॅटनने काय केले, तर गनरचे डोळे जणू टरेटच्या दोन कानांपर्यंत फाकवले. हजार-दीड हजार मीटरवरही मग खोली दिसू लागली. अडचण एवढीच, की हे यंत्र वापरायला दोन्ही डोळ्यांची उत्तम जुळणी असलेला, शांत डोक्याचा, भरपूर सराव झालेला माणूस लागे. लढाईच्या धुळीत असा माणूस मिळणे कठीण. आजच्या हेडसेटमध्येही प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दाखवून खोली निर्माण करतात. तत्त्व पॅटनचेच आहे, फक्त डोळे फाकवण्याऐवजी जागच्या जागी फसवायचे.

आता लेझर आला. बटण दाबले की आकडा समोर. तरी अंदाज संपला नाही. चालकाला चर ओलांडायचा असतो, पुलावर चढायचे असते, पुढच्या गाडीपासून अंतर राखायचे असते, आणि त्यासाठी कोणी लेझर मारत बसत नाही. चालवणे आणि तोफ डागणे या दोन्ही गोष्टी आता जगभर आधी सिम्युलेटरवर शिकवतात, कारण खरा रणगाडा हलवायचा म्हणजे डिझेल, पट्टे आणि दारूगोळा यांचा खर्च. मग प्रश्न येतो: पडद्यावर चाळीस मीटरवर दाखवलेला चर शिकाऊ चालकाला चाळीस मीटरवरच वाटतो का?

हे तपासायचे कसे? थेट विचारून भागत नाही. माणूस उघड्या मैदानातही मीटरमध्ये सांगायला लागला की कमीच सांगतो. खेड्यात रस्ता विचारून बघा, "हे काय, आलंच की," असे उत्तर मिळते आणि पुढे तासभर चालावे लागते. सांगणाऱ्याने फसवलेले नसते. त्याला ते अंतर पायांनी माहीत आहे, तोंडाने नाही. म्हणून संशोधकही पायांनाच विचारू लागले. जेम्स थॉमसन यांचा १९८३ सालचा प्रयोग या पद्धतीचा एक पाया मानला जातो. तुम्हीही करून बघा. अंगणात सात-आठ पावलांवर बादली ठेवा, नीट बघा, डोळे मिटा आणि ती जिथे आहे असे वाटते तिथपर्यंत चालत जा (बादली कोणाला तरी तेवढ्यात उचलायला सांगा). अंदाज थक्क करण्याइतका बरोबर येतो. वीस मीटरपर्यंत बहुतेकांचे पाय खरे बोलतात.

हाच खेळ हेडसेटमध्ये खेळला की पाय अलीकडेच थांबतात. दहा मीटरवरच्या खांबाकडे निघालेला माणूस सात-साडेसात मीटरवर उभा राहतो आणि "पोचलो" म्हणतो. २०१३ साली रेबेका रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेले प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा सरासरी निघाली दाखवलेल्या अंतराच्या सुमारे ७४ टक्के. रुपयातले चार आणे कोणीतरी मधल्यामध्ये खाल्ले.

चोर शोधण्याची गोष्ट मोठी मजेदार आहे. पहिला संशय अर्थातच चित्रावर गेला: संगणकाची चित्रे ओबडधोबड, म्हणून डोळे फसतात. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात विल्यम थॉम्पसन आणि मंडळींनी २००४ साली एकच जागा तीन प्रकारे दाखवली: नुसत्या रेघांचा सांगाडा, साधे रंगवलेले चित्र, आणि प्रत्यक्ष जागेचे उत्तम छायाचित्र. लोक तिन्हींत सारखेच अलीकडे थांबले. म्हणजे चित्र सुंदर केल्याने जमीन लांबत नाही. जाहिरातीत भर असतो तो चित्राच्या झळाळीवर, म्हणून हा निकाल मला विशेष आवडतो.

दुसरा संशय डोक्यावरच्या ओझ्यावर आणि अरुंद खिडकीवर. आपल्या दोन्ही डोळ्यांना मिळून आडवे जवळजवळ २०० अंश दिसते. त्या काळच्या प्रयोगशाळेतल्या हेडसेटमध्ये चाळीस-पन्नास अंश दिसायचे. त्याच यूटात पीटर विलेमसेन यांनी एक नकली हेडसेट बनवला. वजन तेवढेच, खिडकी तेवढीच, पण आत भिंग नाही, पडदा नाही. आरपार खरे जग दिसते. ते चढवून लोक खऱ्या जागेत चालले तेव्हा तेही थोडे कमी चालले, पण आभासी जगातल्याइतके कमी नाही. चोरीचा काही माल सापडला, सगळा नाही.

मग मिनेसोटा विद्यापीठातून व्हिक्टोरिया इंटरांटे यांचा निकाल आला आणि सगळे चक्रावले. माणूस ज्या खोलीत उभा आहे तिचीच हुबेहूब प्रतिकृती हेडसेटमध्ये दाखवली, तर अंतर जवळपास बरोबर येते. यंत्र तेच, वजन तेच, भिंगे तीच. बदलले ते फक्त एवढेच, की पायाखालची फरशी ही खरीच आपली फरशी आहे यावर त्या माणसाचा विश्वास बसला होता.

आणि सगळ्यात सुंदर धागा हाती लागला तो अपघाताने. मिसिसिपी स्टेट विद्यापीठात ॲडम जोन्स आणि एडवर्ड स्वॉन यांच्या प्रयोगांत दिसले, की काही लोक वारंवार चालता चालता सुधारत जातात. आणि कोणी त्यांना चूक-बरोबर सांगत तर नव्हते. शोध घेतला तेव्हा कळले, की हेडसेट आणि गाल यांच्यामध्ये खाली एक फट राहत होती. त्या फटीतून चालताना खऱ्या जमिनीची एक पातळ पट्टी सरकताना दिसे. पाहणाऱ्याला तिची जाणीवही नसावी. फट बुजवली की सुधारणा आटे. आपण नजर जमिनीवर पायापासून सुरू करून पुढे पुढे पसरवत नेतो. सतरंजी उलगडावी तशी. पायाजवळचे टोक सुटले, की सतरंजी कुठवर आली ते सांगता येत नाही.

एवढे हाती आल्यावर वेगवेगळ्या पडद्यांचे वेगवेगळे स्वभाव कळायला सोपे जातात. मोबाइल आणि साधा संगणक यांवर देह पूर्णपणे बाहेरच राहतो. तिथे अंतर ठरवणारा कॅमेरा असतो. मोबाइल आडवा धरून आडवे ८० अंश टिपणारा फोटो काढला आणि तो १५ सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर पाहिला, तर खरे प्रमाण दिसण्यासाठी डोळा पडद्यापासून नऊ सेंटिमीटरवर हवा. आपण बघतो हातभरावरून. त्यामुळे खोली ताणली जाते. हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्याचे फोटो आहेत त्याहून अक्राळविक्राळ वाटतात ते त्यामुळे, आणि 'बायपासला लागून' असलेला गुंठाभर प्लॉट जाहिरातीत शिवारासारखा पसरलेला दिसतो तोही त्यामुळेच. लांब पल्ल्याच्या भिंगाने उलटे होते: कळसूबाईच्या शिडीवरची माणसे एकमेकांच्या डोक्यावर उभी असल्यासारखी चिकटतात.

खोलीभर पडद्यांचा प्रकार निराळा. १९९२ साली शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी भिंतींवर आणि जमिनीवर चित्र पाडलेली 'केव्ह' नावाची खोली दाखवली. तिथे स्वतःचे हातपाय दिसतात, वजन डोक्यावर नसते. पण चित्र बरोबर दिसते ते फक्त एकाच माणसाला, ज्याच्या डोक्याची जागा संगणक टिपतो आहे. शेजारी उभा असलेल्याला जग वाकडे दिसते. शिवाय चाळीस मीटरवरची वस्तू दाखवली तरी डोळ्याचे भिंग जुळवावे लागते दोन मीटरवरच्या भिंतीशी. हेडसेटमध्येही हीच रस्सीखेच आहे: भिंगाने चित्र सहसा दीड-दोन मीटरवर बसवलेले असते, आणि दोन्ही बुबुळे मात्र दूर बघत असल्यासारखी वळतात. आरपार दिसणाऱ्या चष्म्यात, जिथे खऱ्या जमिनीवर आभासी वस्तू ठेवतात, तिथे जोन्स आणि स्वॉन यांना २००८ साली फारशी तूट आढळली नव्हती. कारण आता तुम्हीच सांगू शकाल.

हेडसेटही सुधारले. २०२२ साली आयोवा स्टेट विद्यापीठाच्या जोनाथन केली यांनी अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. हलक्या, रुंद खिडकीच्या, बारीक चित्र दाखवणाऱ्या नव्या यंत्रांत तूट कमी झाली आहे, पण मिटलेली नाही.

पायदळात आणि एनसीसीत 'जजिंग डिस्टन्स'चा एक पाठ असतो. त्यात जुन्या अनुभवातून आलेली एक नोंद आहे, तिच्याकडे मी बरीच वर्षे दुर्लक्ष केले होते. मधली दबलेली जमीन नजरेआड असेल तर पलीकडची वस्तू जवळ वाटते. आणि तोच खोलगट भाग पूर्ण दिसत असेल तर वस्तू लांब वाटते. १९९८ साली मायकल सिनाई, ओई आणि हे यांनी 'नेचर'मध्ये दाखवले, की मध्ये उघडा खड्डा असला की माणूस पलीकडचे अंतर खरेच वाढवून मोजतो. पाठ लिहिणाऱ्या हवालदाराला सतरंजीचा सिद्धांत ठाऊक नव्हता, सतरंजी मात्र ठाऊक होती. चांदबीबीच्या महालाचेही तसेच आहे. गच्चीवरून बघताना मधली बरीचशी जमीन घरांनी, झाडांनी झाकलेली असते. घरांचे छप्पर संपते आणि लगेच डोंगर सुरू होतो. डोळा मधले सगळे किलोमीटर गिळून टाकतो.

राहिला चालकाचा प्रश्न. झडप बंद करून रणगाडा चालवणारा माणूस पेरिस्कोपच्या अरुंद फटीतून बघतो. रणगाड्याच्या नाकापुढची काही मीटर जमीन त्याला दिसतच नाही. त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम मीटरभर वर, आणि मागे टरेटमधून डोके काढलेल्या कमांडरचे अडीच मीटरच्या आसपास. नजरेचा पाच अंशांचा उतार एकाला साडेअकरा मीटर सांगतो, दुसऱ्याला साडेअठ्ठावीस. म्हणजे हेडसेटचे सगळे अवगुण रणगाड्याने आधीपासूनच अंगी बाणवलेले: अरुंद खिडकी, हरवलेली पायाजवळची जमीन, परकी उंची. त्यामुळे पेरिस्कोपच्या फटीमागे बसवलेला साधा सपाट पडदा चालकाला खऱ्याच्या बराच जवळ नेऊ शकतो, फक्त चालकाच्या डोळ्यांची उंची बरोबर धरलेली हवी. कमांडरचे तसे नाही. तो उघड्यावर आहे, त्याला जमीन दिसते, आणि त्याच्यासाठी तोच पडदा खोटा ठरेल. एकाच गाडीतल्या दोघांना दोन निरनिराळी यंत्रे हवीत.

आणि जागा फारच अडचणीची असली, रेल्वेच्या वाघिणीवर रणगाडा चढवायचा असला, तर यंत्रांच्या भरवशावर कोणी राहत नाही. एक जवान खाली उतरतो, समोर जाऊन उभा राहतो आणि दोन्ही हातांनी खुणा करू लागतो. मार्केट यार्डात कांद्याचा ट्रक मागे घेताना क्लीनर मारतो ना हाक, "येऊ द्या, येऊ द्या... बस्स!"